मशीनने टाळलेली जागा

दोराला बांधलेला माणूस वर आला, चौघांनी त्याला काखेत धरून बाजूला ओढला, आणि त्याच वेळी पेवाचं तोंड आत बसलं. आवाज मोठा झाला नाही. भरलेलं पोतं खाली टाकल्यासारखा झाला. धूळ उडाली, डोळ्यांत गेली. ती बसल्यावर पाहिलं तर जिथे भोक होतं तिथे माती होती. एक माणूस बाहेर आला होता. त्याला काढायला उतरलेला दुसरा खालीच होता. अंगणात अख्खं गाव जमलं होतं.

नोकरीत मी प्रेतं पुष्कळ पाहिली. बहुतेकांचे चेहरे आता आठवत नाहीत. ती संध्याकाळ मात्र अजून जशीच्या तशी डोळ्यांपुढे आहे, म्हणून लिहिते. नावं कोणाचीच लिहिणार नाही, गावाचंही नाही. नंदुरबारकडचं, रनाळ्याच्या पलीकडचं, काळ्या जमिनीचं गाव, एवढं पुरे.

पोलिसात मी शिपाई म्हणून लागले आणि सहायक फौजदार होऊन निवृत्त झाले. हे प्रकरण शेवटच्या वर्षांतलं. त्या दिवशी माझी ठाणे अंमलदाराची ड्युटी होती. ठाणे अंमलदाराने टेबल सोडायचं नाही, फोन उचलायचा, डायरी लिहायची आणि आलेल्या माणसाला आधी बसवायचं. दुपारी जेवायला बसणार तेवढ्यात फोन वाजला. पुरुषाचा आवाज होता. त्याने गावाचं नाव सांगितलं आणि म्हणाला, "नवं आंगन करं ना, तठे मानूस दबायेल शे. लवकर जा." म्हणजे नवं अंगण केलंय तिथे माणूस दबलाय. नाव विचारलं तर फोन बंद.

असे फोन ठाण्यात येत असतात. निम्मे खोडसाळ असतात, उरलेले भाऊबंदकीतले. तरी डायरीला नोंद घेतली आणि गावच्या पोलीस पाटलाला फोन लावला. तो म्हणाला, नवं अंगण एकच झालंय, दोन भावांचं सामाईक. काल संध्याकाळी माती उकरायचं मशीन येऊन गेलं. धाकटा भाऊ सकाळपासून दिसत नाही, त्याचे बैल दावणीला उपाशी ओरडतायत. मी साहेबांना सांगितलं. घरात बाया असणार म्हणून साहेबांनी मलाही जीपमध्ये घेतलं. टेबल दुसऱ्याकडे देऊन निघाले.

दोन भावांचं भांडण काय होतं ते पाटलाने गावाबाहेर रस्त्यावरच गाठून सांगितलं. थोरल्याच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. मांडव दारात घालायचा, शिवाय दोन खोल्या नव्या बांधायच्या. जुना गोठा पाडायचा, पाया खणायचा, सगळ्या अंगणात मुरूम टाकून ते सपाट करायचं, असं काम त्याने तालुक्याच्या एका ठेकेदाराला उक्तं दिलं होतं. अंगण करताना उतार कोणीकडे काढायचा हाच खरा प्रश्न असतो. पाणी गल्लीत काढायचं तर गल्ली लांब, मुरूम जास्त लागतो. ठेकेदाराने उतार धाकट्याच्या ओट्याकडे धरला. धाकटा म्हणाला, पाऊस माझ्या घरात येईल. थोरला म्हणाला, ठेकेदाराला जास्त कळतं. तो वाद चौकात गेला. धाकट्याने सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "मशीन उनं ते मन्हा आंगवरथून जाई." म्हणजे मशीन आलं तर माझ्या अंगावरून जाईल. त्यावर थोरला म्हणाला होता, "जाऊ दे मंग."

हे दोन्ही शब्द गावाने ऐकले होते. त्यामुळे आम्ही पोचलो तेव्हा गावाने निकाल देऊन टाकला होता. थोरल्याने मारला आणि अंगणात गाडला.

अंगण खरोखर छान झालं होतं. मुरूम दाबून गुळगुळीत केलेला, पाणी मारलेलं. लग्नघराच्या दारात असावं तसं. गोठा कुठे होता तेसुद्धा कळत नव्हतं. थोरला ओट्यावर उभा होता. पन्नाशीचा, अंगाने जाड. तो म्हणाला, रागावला की भाऊ बहिणीकडे जातो, सारंगखेड्याला. बहिणीला फोन लावला. ती म्हणाली, आला नाही. मग साहेबांनी त्याला चावडीत नेऊन बसवलं. मी सोबत होते. साहेबांचा एकच प्रश्न, कुठे गाडला. त्याचं एकच उत्तर.

"मी कसाले गाडू साहेब? मन्हा भाऊ शे तो."

असं म्हणणारे खुनी मी पाहिलेत, त्यामुळे त्या वाक्याचं मला काही वाटलं नाही. पण एक गोष्ट खटकली. तो सारखा विचारत होता, बैलांना कोणी चारा टाकला का. मारलेल्या भावाच्या बैलांची आठवण कोणी पोलिसांसमोर काढत नाही. खुनी ती गोष्ट टाळतो.

बाहेर साहेबांनी मजूर लावून एका कोपऱ्यात खणायला घेतलं होतं. मुरूम तिथे ओला दिसत होता म्हणून. खाली गोठ्याचे दगड लागले, दुसरं काही नाही. एवढं अंगण हाताने उकरायला दोन दिवस लागले असते. साहेबांना घाई नव्हती. त्यांच्या हिशेबाने प्रेत कुठे पळत नव्हतं. मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की फोनवाला "लवकर जा" म्हणाला होता. मेलेल्या माणसासाठी कोणी लवकर जा म्हणत नाही. साहेब हुशार होते, फक्त नवीन होते. ते म्हणाले, मग बाई, फोनवाला शोधा.

तो शोधायला वेळ लागला नाही. ठाण्यातून नंबर घेऊन परत लावला तर फाट्यावरच्या चहाच्या टपरीवाल्याने उचलला. तो म्हणाला, मी कशाला फोन करू, मशीन चालवणाऱ्याने मागितला होता, बॅलन्स संपलाय म्हणून. मशीन कुठे आहे? इथेच उभं आहे, टपरीसमोर. ठेकेदारही इथेच चहा पितोय.

जीप पाठवून दोघांना आणलं. ठेकेदार पांढऱ्या कपड्यांतला, गोड बोलणारा. मला ताई म्हणायला लागला. म्हणाला, ताई, आम्ही वरचं काम करतो, खाली काय आहे ते मालकाने सांगायचं. मी तर विचारलंही होतं, टाकी, पाईप, विहीर काही आहे का. मालक नाही म्हणाला. मी विचारलं, काम घेण्याआधी जागेवर फिरलात का? तो म्हणाला, रस्त्यावरून दिसतंच की सगळं. धाकट्या भावाशी बोललात? तो म्हणाला, पैसे थोरला देणार, मग धाकट्याशी काय बोलायचं?

मशीन चालवणारा नवापूरकडचा, तिशीतला, लेकराबाळांचा. फोन केल्याचं त्याने कबूल केलं. पण म्हणाला, गावात लोक बोलत होते ते ऐकलं आणि कळवलं. थोरल्याने भावाला गाडलं असं ऐकलं. कोणाकडून ऐकलं, तर आठवत नाही. प्रत्येक उत्तराआधी तो ठेकेदाराकडे बघत होता. मी ठेकेदाराला चावडीबाहेर बसवला. तरी हा बोलेना. खाली मान घालून हाताच्या नखातला काळा मळ काढत बसला. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना काय म्हणायचं होतं ते मला कळलं. पण मारून माणूस बोलता करायला वेळ लागतो, आणि बोलला तरी खरंच बोलतो असं नाही. मार थांबावा म्हणून तो काहीही बोलतो. मला जागा हवी होती, कबुली नको होती.

मी त्याला म्हटलं, "चल. मशीन आण आणि अंगणावरून चालव."

तो म्हणाला, कशाला? मी म्हटलं, काल तू चालवलंस तसं. गल्लीपासून घरापर्यंत, सरळ, पट्टे पाडत. एकही जागा सोडायची नाही. ठेकेदार मध्ये पडला, डिझेल कोण देणार म्हणाला. त्याला सांगितलं की गप्प बस, नाहीतर डिझेलऐवजी दुसरं काही देईन. हसण्याची वेळ नव्हती, पण दोन-चार जण हसले.

पंच उभे केले. मशीन अंगणात आलं. पहिला पट्टा सरळ गेला. दुसरा सरळ. तिसऱ्या पट्ट्यात, घराच्या अलीकडे, चाकं थोडी डावीकडे वळली आणि पुढे जाऊन पुन्हा सरळ झाली. नीट बघत नसता तर दिसलंही नसतं. चौथ्या पट्ट्यात त्याच ठिकाणी उजवीकडे वळली. मी हात वर केला.

"तिथून का नाही गेलास?"

"नरम शे तठे."

"काल तर गेला होतास."

त्याने मशीन बंद केलं. स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. मग खाली उतरून माझ्याजवळ आला आणि एका दमात सगळं बोलला. काल गोठ्याची माती ढकलताना पुढचं चाक खचलं. मागे घेतलं तर खाली फळ्या मोडलेल्या दिसल्या आणि काळं भोक. मशीनवर गाणी लावली होती. ती बंद केली. आतून काहीतरी आवाज आला. त्याने ठेकेदाराला हाक मारून सांगितलं. ठेकेदार जवळ आला नाही, लांबूनच म्हणाला, "कुत्रं असंल. भर."

याने भरलं. तीन बकेट मुरूम टाकून वरून दाबलं. आज सकाळी टपरीवर ऐकलं की गावातला एक माणूस सापडत नाही. ठेकेदाराने त्याला बाजूला नेऊन सांगितलं, तोंड उघडलंस तर फासावर तू जाशील, मी नाही. याने टपरीवाल्याचा फोन मागितला.

थोरल्याला तोवर अंगणात आणून ओट्यावर बसवला होता, शिपाई बाजूला. भोक आणि फळ्या हे शब्द ऐकताच तो उभा राहिला.

"पेव शे ते."

पेव म्हणजे जमिनीत खणलेलं धान्याचं कोठार. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, पोट मोठं, पुरलेल्या रांजणासारखं. आता कोणी वापरत नाही. या घरचं पेव बापाने गोठ्याखाली बुजवलं होतं, म्हणून थोरल्याने ठेकेदाराला खाली काही नाही असं सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं. पेव कोणी पुन्हा उकरलं असेल हे त्याला माहीत नव्हतं.

मी मशीन अंगणाबाहेर काढायला लावलं. वजन नको होतं. मुरूम हाताने काढायला सुरुवात केली. मजूर, शिपाई, पोलीस पाटील, गावातली पोरं, ज्याला घमेलं मिळालं तो. अग्निशमनची गाडी नंदुरबारहून मागवली, रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन केला. मुरूम निघाला, मग मोडक्या फळ्या निघाल्या. त्या गळ्यात आडव्या अडकून बसल्या होत्या, म्हणूनच मुरूम सगळा खाली गेला नव्हता. एक फळी उचलली आणि सगळ्यांना गप्प केलं. आतून कण्हण्याचा आवाज आला. गावाने सकाळपासून मेलेला धरलेला माणूस जिवंत होता.

साहेब म्हणाले, अग्निशमनची गाडी येईपर्यंत कोणी उतरायचं नाही. ते बरोबर होतं. तोंडाच्या कडेला भेगा पडल्या होत्या. थोरला शिपायाचा हात सोडवून पुढे आला. दुपारपासून ज्याला आम्ही खुनी म्हणून बसवला होता, तो.

"साहेब, धाकलपनी बाप माले दोर बांधीसन आठेच उतारे, जवारी काढाले. आतलं सगळं माले म्हाईत शे. गाडीनी वाट दखशात ते तो मरी जाई."

साहेबांनी त्याच्या कमरेला दोर बांधायला सांगितलं. गावात जाड दोर तेवढा एकच सापडला, विहिरीवरचा. तो उतरला. खालून ओरडून सांगत होता ते आम्ही वर ऐकत होतो. भाऊ शुद्धीत आहे. पाय मातीत दबलाय. माती काढतोय. बराच वेळ फक्त हातांनी माती ओढल्याचा आवाज येत होता. मग म्हणाला, ओढा. आम्ही ओढलं. आणि वर आला तो धाकटा. थोरल्याने आपल्या कमरेचा दोर सोडून त्याला बांधला होता.

त्यानंतर तोंड बसलं. ते मी सुरुवातीला लिहिलंच आहे.

वरून उकरायचं नाही हे सगळ्यांना माहीत होतं. इथे विहिरी खणणारी माणसं आहेत. खचलेल्या ठिकाणी वरून फावडं मारलं की खालचा चेंगरतो. गल्लीच्या बाजूने उतार काढत खाली जायचं आणि बाजूने पोटाला भोक पाडायचं. हाताने ते करायला सकाळ झाली असती, आणि अग्निशमनची गाडी अजून वाटेतच होती. मी मशीनवाल्याला बोलावलं. तो मशीनवर चढून बसला. ठेकेदार म्हणाला, मशीन खड्ड्यात गेलं तर माझं नुकसान कोण भरेल? मी त्याला म्हटलं, "मशीन गेलं तर जाऊ दे. तू तुझी काळजी कर."

मशीनवाल्याला एवढंच सांगितलं की मी बकेटजवळ उभी राहते, हात वर केला की थांबायचं. त्याने उतार काढला. हळू, एका वेळी पाव बकेट. काल त्याच हातांनी भरलं होतं आणि आज त्याच हातांनी तो काढत होता, असा विचार त्या वेळी माझ्या मनात आला नाही. त्या वेळी मी फक्त माती बघत होते. मातीचा रंग बदलला, पेवाच्या भिंतीची जुनी पांढरी चिकणमाती लागली, मी हात वर केला. पुढचं मजुरांनी हाताने फोडलं. थोरला पेवाच्या भिंतीला पाठ लावून बसला होता, छातीपर्यंत मातीत, एक मोडकी फळी डोक्यावर धरून. फळीमुळे तोंडापुढे हवा राहिली होती. बरगड्या मोडल्या होत्या. बाहेर काढल्यावर त्याने माती थुंकली आणि विचारलं, भाऊ कुठे आहे. १०८ त्याला घेऊन गेली होती. याला आमच्या जीपमध्ये घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकट्याचा जबाब घ्यायला मी दवाखान्यात गेले. डॉक्टर बाजूला होते. त्याने तो पेवात कसा गेला ते सांगितलं. आठवडाभर, थोरला लग्नाच्या खरेदीला सुरतेला गेला होता तेव्हा, त्याने पेव उकरून मोकळं केलं होतं आणि माती शेतात नेऊन टाकली होती. पेव आधीच दाखवलं असतं तर ठेकेदाराने ते मुरमाने भरून टाकलं असतं. पण आत माणूस बसला असेल तर कोण भरणार? मशीन जवळ आलं की डोकं बाहेर काढायचं, ठेकेदार घाबरून पळेल, असा बेत. मशीन सकाळी येणार होतं. म्हणून तो आदल्या संध्याकाळी आत उतरून बसायला जागा करत होता, वर फळ्या ओढून घेतल्या होत्या, कोणाला दिसू नये म्हणून. ठेकेदाराचं दुसऱ्या गावचं काम त्या दिवशी रद्द झालं आणि मशीन संध्याकाळीच आलं. त्याने फळी सरकवायच्या आत पाडलेल्या गोठ्याची माती वर येऊन पडली, आणि त्याच्या हाका मशीनच्या आवाजात बुडाल्या.

मी विचारलं, मशीन लवकर येईल असं वाटलं नाही का? तो त्या अवस्थेतही जरा हसला.

"बाई, मशीनवाला कव्हय वेळवर तरी येस का? लवकर कसा ई?"

पुढे म्हणाला, हे नीट लिहा. "भाऊनी माले गाडं नही. मी सोता उतरनू." मी लिहिलं, वाचून दाखवलं, त्याचा अंगठा घेतला. सही करता येत होती, पण हात उचलत नव्हता.

ठेकेदारावर गुन्हा दाखल झाला. मशीनवाल्याने कोर्टात सगळं खरं सांगितलं, ठेकेदारासमोर उभं राहून. लोक मला विचारतात, त्याने वेळेवर फोन केला, मग त्याला चांगला म्हणायचा की वाईट. मला असल्या प्रश्नांत रस नाही. आवाज ऐकू आला तेव्हा त्याने गाणी बंद केली, एवढं त्याचं चांगलं. नंतर भरलं, एवढं वाईट. दोन्ही फायलीत आहे.

या प्रकरणाने मला पोलीस म्हणून एक गोष्ट शिकवली. माणसाची जीभ खोटं लवकर शिकते, हातपाय उशिरा. जे झाकायचं ते तो बोलण्यातून झाकतो, पण त्याच्या रोजच्या कामाला लावला की काम सांगून टाकतं. नंतर उरलेल्या नोकरीत मी काही वेळा संशयिताला प्रश्न न विचारता त्याच्या धंद्याचं काम करायला लावलं आणि नुसतं पाहत बसले.

आणि घर बांधणाऱ्यांना सांगते. ठेकेदार जागेवर चालत फिरला नाही तर त्याला काम देऊ नका. त्याने विचारलं नाही तरी घरातल्या सगळ्यांना आणि शेजाऱ्यांनाही विचारा, जमिनीखाली काय आहे. ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्याला सगळ्यात आधी विचारा. आणि उतार कोणाच्या दाराकडे जातो ते मशीन यायच्या आत ठरवा.

त्या पेवातून दोघेही भाऊ जिवंत वर आले. जबाब दिला त्याच रात्री धाकटा गेला. पाय फार वेळ दबलेला होता, त्याचं विष रक्तात पसरलं, असं डॉक्टर म्हणाले. थोरला जगला.